नेम चालू ठेवण्याविषयी थोडे
(मंडळाच्या गणेशोत्सवात सकाळच्या फिरायच्या गटाने केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

कार्यकारिणीने आम्हाला सांगितले, "तुम्ही रोज सकाळी कमाटीबागेत फिरता, तर त्यावरच बोला ना अर्धा तास." आम्ही म्हणजे चौदा जण. सर्वात थोरल्या काकांचे वय ८१, सर्वात धाकटी ३४ वर्षांची. कोणी बँकेतून निवृत्त, कोणी विद्यापीठातून, कोणी अजून दुकान सांभाळते. एक मावशी निवृत्त परिचारिका आहेत. पुढे जे आरोग्याचे आकडे येतील ते त्यांच्या नजरेखालून गेलेले आहेत. भाषण एकाने वाचायचे ठरले, पण लिहिले सगळ्यांनी मिळून, म्हणून काही वाक्ये एकमेकांशी भांडतील. ते चालवून घ्या.

विषय दिला होता 'दैनंदिन सवयी आणि आरोग्य'. सवय म्हटले की आम्हाला चहा, तंबाखू आणि मोबाईल आठवतो. चांगल्या सवयीला आपल्या घरांत जुना शब्द आहे, नेम. आजी म्हणायची, "माझा नेम चुकत नाही." तुळशीला पाणी, संध्याकाळी दिवा, एकादशीला उपास. नेमात सक्ती असते, पण ती आपली आपण घातलेली.

बडोद्याला या बाबतीत बाहेर शोधायला जावे लागत नाही. दांडिया बाजारातला प्राध्यापक माणिकरावांचा आखाडा, म्हणजे जुम्मादादा व्यायाम मंदिर, आपल्यापैकी अनेकांच्या वडिलांनी पाहिलेला आहे. उस्ताद जुम्मादादा मुसलमान, शिष्य माणिकराव मराठी, आणि शिष्याने आखाड्याला गुरूचे नाव दिले. मल्लखांब, लाठी, लेझीम तिथे शिकवत आणि हाड सरकले की गाव तिथेच जाई. आमच्यातल्या दोघांचे खांदे लहानपणी तिथेच बसवले गेले. तेव्हाची आरोळी अजून आठवते म्हणतात.

या आखाड्यात १९०७ ते १९१० या काळात एक तरुण शिकत होता, जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३, आपल्या शेजारच्या डभोईचा. हेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम काढले. पण उड्डियान आणि नौली करताना शरीरात नेमके काय घडते याचे त्यांचे पहिले प्रयोग १९२० च्या सुमारास बडोद्याच्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेतच झाले. योग म्हणजे नुसती श्रद्धा न ठेवता मोजून पाहायची गोष्ट आहे, हा विचार आपल्या गावातून निघालेला आहे. शिवाय मुजुमदारांचा दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' याच गावात छापला गेला. कोणाच्या माळ्यावर त्यातला एखादा खंड असेल तर रद्दीत देऊ नका, मंडळाच्या वाचनालयात आणून द्या. हे जरा विषयांतर झाले, पण सांगायचे होते.

आणि कामाच्या नेमाचे उदाहरण हवे असेल तर रियासतकार सरदेसाई. १८८९ साली ते सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आले, राजपुत्रांना शिकवणे हे काम. त्या शिकवण्याच्या तयारीतून मराठी रियासत उभी राहिली, नोकरी सांभाळून, वर्षानुवर्षे. १९२५ साली निवृत्त झाले. मग चौसष्टाव्या वर्षी पेशवे दफ्तराचे काम हाती घेतले आणि त्याचे ४५ खंड संपादित केले. मराठ्यांच्या इतिहासाचे तीन इंग्रजी खंड निघाले १९४६ ते १९४८ मध्ये, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. ९४ वर्षे जगले. एवढे काम झपाटून चार रात्री जागून होत नसते. आज थोडे, उद्या थोडे, परवा पुन्हा थोडे, असेच ते होते.

आता आमच्याकडे येऊ. गेल्या वर्षी, २०२४ च्या ऑगस्टच्या शेवटी, विश्वामित्रीला पूर आला. तुम्हाला सांगायला नको. आमच्यातल्या तिघांच्या तळमजल्यात पाणी शिरले, बाग तर नदीच्या कुशीतच, तिथे पाणी आणि गाळ. मगरींच्या बातम्यांनी उरलेसुरले धैर्यही गेले. घरे धुण्यात गणपती आले, गणपतीनंतर पितृपक्ष, मग नवरात्र. सहा वर्षांचा नेम दीड महिना बंद पडला.

बंद पडल्यावर काय होते ते तुम्हीही अनुभवले असेल. पहिला आठवडा अपराधी वाटते. दुसऱ्यात कारणे सापडतात. तिसऱ्यात सकाळी साडेसहाला जाग आली तरी कूस बदलून झोप लागते, आणि मन म्हणते, आता सगळे पहिल्यापासून सुरू करायला हवे, तर दिवाळीनंतरच बघू.

तेव्हा आमच्या धाकट्या सभासदेने, ती संगणकावरचे काम करते, एक माहिती आणली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास. ९६ लोकांनी प्रत्येकी एक नवी सवय निवडली, जेवताना पाणी पिणे, न्याहारीनंतर चालणे, अशा साध्या. ती विचार न करता आपोआप घडू लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस, तर कोणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. म्हणजे 'एकवीस दिवसांत सवय' हे जे आपण सगळीकडे ऐकतो त्यात फारसा अर्थ नाही. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० च्या पुस्तकात लिहिले होते की आपला बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णाला निदान एकवीस दिवस लागतात. 'निदान' हा शब्द वाटेत गळला आणि एकवीस राहिले. एकवीस दूर्वा आणि एकवीस मोदक ठीक, सवयीला तो आकडा लागू नाही.

त्या अभ्यासातली आमच्या कामाची गोष्ट वेगळीच होती. मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्याच्या वाटचालीत फारसा फरक पडला नाही. आमचा तर दीड महिना गेला होता, त्यामुळे तेवढा दिलासा पुरेसा नव्हता. पण पहिल्यापासून सुरू करायचे हे ओझे तरी उतरले. दसऱ्याला सात जण आले. पाऊण तासाऐवजी पंधरा मिनिटे चाललो आणि चहा प्यायलो. दिवाळीपर्यंत अकरा झाले. तीन जणांना नवरात्रानंतर दम कमी लागत होता, कारण त्यांनी नऊ रात्री गरबा केला होता. गरब्याला व्यायाम म्हणायचे की नाही यावर आमच्यात वाद आहे. परिचारिका मावशींच्या मते दोन तास गरबा हा उत्तम व्यायाम, त्यानंतर मध्यरात्री खाल्लेली सेव-उसळ मात्र व्यायाम नव्हे.

नवा नेम लावायचा तर त्याला खुंटी हवी. भिंतीत खुंटी आधीच असली की पिशवी अडकवायला कष्ट नाहीत. "वेळ मिळाला की व्यायाम करीन" याला खुंटी नाही. "कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून टाचा वर-खाली करीन" याला आहे. आमच्यातले एक काका वर्तमानपत्र आल्यावर बसण्याआधी दहा वेळा खुर्चीतून हात न टेकता उठतात. नाहीतर पेपर उघडायचा नाही. एक वहिनी संध्याकाळच्या दिव्यानंतर गच्चीवर दहा फेऱ्या मारतात. दिवा चुकत नाही म्हणून फेऱ्या चुकत नाहीत.

किती चालायचे हा सर्वांचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही एवढ्या वेगाने. मोबाईलमधल्या दहा हजार पावलांच्या मागे लागू नका. तो आकडा १९६५ च्या एका जपानी पाऊलमापकाच्या नावातून आला, नावाचा अर्थच दहा हजार पावले. सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांहून अधिक अमेरिकी स्त्रियांच्या २०१९ मधल्या अभ्यासात दिवसाला सुमारे ४,४०० पावलांपासूनच फायदा दिसत होता आणि साडेसात हजारांच्या पुढे तो वाढत नव्हता. घर ते देऊळ ते भाजी ते घर, एवढ्यात निम्मे काम होते.

पण आज आम्हाला खरे बोलायचे आहे ते जमिनीबद्दल.

आपल्या मंडळाच्या जुन्या छायाचित्रांत पाहा. सतरंजीवर बसलेले लोक, पुढे मुले, मागे लुगड्यातल्या आज्या, सगळ्यांची मांडी. आज या सभागृहात एकही माणूस खाली बसलेला नाही. आरतीला उभे, भाषणाला खुर्ची, महाप्रसादाला टेबल. घरी पाट गेले, पाटा-वरवंटा गेला, ओटा उभ्याचा झाला, संडास बदलला. यातले बरेचसे बरेच झाले, गुडघे दुखणाऱ्याला विचारा. पण दिवसातून दहा वेळा जमिनीवर बसून उठण्याचा व्यायाम, जो आपल्या आज्यांना न मागता मिळत होता, तो गेला आणि त्याच्या जागी काही आले नाही.

आमच्या गटातल्या एक मावशी, त्यांच्या परवानगीने सांगतो, वय ७४, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. यजमान जाऊन नऊ वर्षे झाली, मुलगा टोरांटोला. या फेब्रुवारीत रात्री अकराला न्हाणीघराच्या दारात त्या घसरल्या. हाड मोडले नाही, डोके आपटले नाही. पण उठता येईना. रोज चार किलोमीटर चालणारी बाई जमिनीवरून उठू शकत नव्हती. मोबाईल पलंगावर, वाजत होता, टोरांटोहूनच. सकाळी साडेसातला कामवाल्या ताई किल्लीने दार उघडून आत आल्या तोवर मावशी फरशीवर होत्या. साडेआठ तास, फेब्रुवारीच्या थंडीत.

मुलगा पुढच्या आठवड्यात आला. त्याचे म्हणणे साधे होते, "आई, आता तू इथे एकटी राहायचं नाहीस." त्याचे चूक आहे असे आमच्यातले कोणीच म्हणणार नाही. मावशींचे म्हणणेही साधे होते. त्यांचे सगळे आयुष्य या गावात गेले. भाजीवाल्याशी गुजरातीत, शेजारणीशी मराठीत, आणि इथे नुसते "मावशी" म्हटले तरी चार माणसे वळून पाहतात. टोरांटोला त्या आधी दोन हिवाळे राहून आल्या आहेत. खिडकीतून बर्फ पाहण्यात सहा महिने जातात, असे त्या सांगतात. शेवटी दोघांत करार झाला. दिवाळीला तो परत येईल. तोवर आईला जमिनीवरून स्वतःची स्वतः उठता आले, दर वेळी, तर पुढचे बोलू. नाहीतर तिकीट.

मार्चपासून आमच्या गटाचे शेवटचे दहा मिनिटे याच कामाचे आहेत. बागेत चटई आणतो. एका भौतिकोपचार तज्ज्ञांनी एकदा येऊन पद्धत दाखवली, ती सांगतो, कारण या सभागृहात एकटी राहणारी माणसे बरीच आहेत.

पडल्यावर आधी घाई करायची नाही. दोन-चार श्वास घेऊन हात, पाय, कंबर हलवून पाहायचे. मांडीच्या सांध्यात, पाठीत किंवा मानेत जोराने दुखत असेल, तर उठायचा प्रयत्न न करता मदत मागायची. दुखत नसेल तर कुशीवर वळायचे. उताणे असताना सरळ उठून बसायला पोटाचे बळ फार लागते, ते नको. कुशीवरून कोपरावर, कोपरावरून दोन्ही हात टेकून रांगण्याच्या स्थितीत. तसेच रांगत भक्कम खुर्ची, दिवाण किंवा पलंगापर्यंत. प्लास्टिकची हलकी खुर्ची चालणार नाही, ती उलटते. दोन्ही हात बैठकीवर, जो पाय जास्त बळकट त्याचे पाऊल पुढे टेकवायचे, हात आणि पाय दोन्हींनी रेटा द्यायचा, वळायचे आणि बसायचे. बसल्यावर लगेच उभे राहायचे नाही. सराव पहिल्यांदा करताना शेजारी कोणीतरी हवे, खाली गादी हवी. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून.

आणि मोबाईल रात्री गळ्यात किंवा खिशात. निदान एक फोन असा ठेवा की जमिनीवरून हात पोचेल. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घ्या. टॉवेलचा दांडा नव्हे, तो भिंतीतून निघून हातात येतो. शेजारी एक किल्ली द्या.

ब्राझीलमध्ये २०१२ साली एक अभ्यास झाला. ५१ ते ८० वयाच्या सुमारे दोन हजार लोकांना जमिनीवर बसून उठायला सांगितले आणि १० पैकी गुण दिले. हात, कोपर, गुडघा टेकला की दर वेळी एक गुण वजा. कमी गुणवाल्यांत पुढच्या काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. हे ऐकून कोणी घाबरू नका. गुण हे मुळात पायांचे बळ, तोल आणि लवचिकपणा यांचे मोजमाप आहे, आणि हे तिन्ही सत्तरीतही वाढवता येतात. म्हणूनच नुसते चालणे पुरत नाही. आठवड्यातून निदान दोन दिवस बळाचा व्यायाम आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोलाचा, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. तोलासाठी आम्ही ओळीत पावलापुढे पाऊल टाकत चालतो, आणि झाडाला एक हात लावून एका पायावर उभे राहतो. वडाखाली चौदा बगळे उभे आहेत असे दिसते. मुले हसतात, हसू द्या.

मावशींना एप्रिलमध्ये दोन जण धरून उठवत होते. जूनमध्ये दिवाणाच्या आधाराने एकट्या. गेल्या आठवड्यात एक हात जमिनीवर टेकून उठल्या, पाचपैकी चार वेळा. करार 'दर वेळी'चा आहे. दिवाळीला दोन महिने आहेत.

खाण्याबद्दल थोडक्यात, कारण यावर बोलणारे घरोघरी आहेत. एकच गोष्ट सांगतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छायाचित्र छापले गेले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. म्हणजे आपण सडपातळ दिसतो म्हणून निर्धास्त राहू नये. काट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० च्या पुढे गेली की साखर तपासून घ्यावी. आणि चहाचा हिशेब करा. चार कप, प्रत्येकी दोन चमचे, आठ चमचे साखर झाली, जेवायच्या आधीच. आमच्यातले नऊ जण महिन्याला पाव चमचा या गतीने खाली आले. एकदम बंद करणारे दोघे पंधरा दिवसांत परत दोन चमच्यांवर गेले. रविवारचा फाफडा-जलेबी आम्ही सोडलेला नाही, महिन्यातून एका रविवारी ठेवला आहे. मोदकांबद्दल आजच्या दिवशी कोणी काही विचारू नये.

धाकट्या सभासदेने तरुणांसाठी दोन शब्द टाकायला सांगितले. तिचे काम अमेरिकेच्या वेळेवर चालते, रात्री साडेदहापर्यंत बैठका. तिला सकाळी साडेसहाचा उपदेश करून उपयोग नाही, ती आठवड्यातून तीनच दिवस येते. तिचा नेम वेगळा आहे. काम संपल्यावर फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, गजर जुन्या घड्याळाचा. आणि झोपण्याआधी कागदावर उद्याची तीनच कामे, त्यातले एक सर्वात नकोसे. दुपारी काम सुरू होताच ते नकोसे आधी, संदेश नंतर. ती म्हणते, पूर्वी दिवसभर उत्तरेच देत होते, काम रात्री सुरू व्हायचे. आम्हा म्हाताऱ्यांना हे लागू नाही असे समजू नका. पहाटे पाचपासून 'शुभ सकाळ'ची फुले पाठवणारे आमच्यातच आहेत आणि त्यांची नावे आम्ही सौजन्याने गाळली आहेत.

रक्तदाबाबद्दल मावशींची एक सूचना राहिली. घरी यंत्रावर मोजताना आधी पाच मिनिटे शांत बसा, पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, आणि बोलू नका. जिना चढून येऊन, सुनेशी बोलत मोजलेला आकडा डॉक्टरांना दाखवू नका.

अनंत चतुर्दशीनंतरच्या सोमवारपासून आमचा गट पुन्हा नेहमीच्या वेळेवर येईल. सकाळी साडेसहा, काळ्या घोड्याकडचा दरवाजा. वर्गणी नाही. चटई आणि पाण्याची बाटली आपापली. ज्यांना चालणे जमत नाही त्यांनी सव्वासातला थेट वडाखाली यावे, जमिनीचा सराव तेव्हा असतो. येताना एक भक्कम लाकडी स्टूल कोणाकडे जास्तीचे असेल तर हवे आहे, आमच्याकडे दोनच आहेत.